टेडी रिनेरचे पराभव: हेवीवेट ज्युदो समजून घेताना

९ फेब्रुवारी २०२०. पॅरिसच्या बेर्सी भागातलं स्टेडियम, ग्रँड स्लॅम स्पर्धेची तिसरी फेरी. एका बाजूला २ मीटरहून उंच आणि १४० किलोच्या आसपास वजनाचा फ्रान्सचा टेडी रिनेर, घरच्या प्रेक्षकांसमोर. दुसऱ्या बाजूला जपानचा कोकोरो कागेउरा, उंचीने त्याच्यापेक्षा वीतभर कमी. ठरलेली चार मिनिटं बरोबरीत संपली आणि जादा वेळ सुरू झाला. रिनेरने हल्ला केला, कागेउराने तोच त्याच्यावर उलटवला आणि रिनेर मॅटवर आडवा झाला. जवळपास साडेनऊ वर्षं आणि सलग १५४ विजय झाल्यावर आलेला हा पहिला पराभव.

रिनेरच्या पदकांची यादी कुठेही मिळेल. ऑलिंपिकमध्ये पाच सुवर्ण, दोन कांस्य. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ११ वैयक्तिक सुवर्णपदकं. ज्युदोच्या इतिहासात एवढी कमाई दुसऱ्या कोणाची नाही. पण नुसती यादी वाचून हा खेळ कसा चालतो आणि त्यात एखादा माणूस सतरा वर्षं शिखरावर कसा टिकतो, ते कळत नाही. माझ्या मते ते कळायला त्याचे पराभव बघावेत. मोठे पराभव मोजकेच आहेत, आणि प्रत्येकामागे ज्युदोचा एखादा नियम किंवा स्पर्धेची एखादी रीत दडलेली आहे. ती उलगडत गेलं की कारकीर्द आपोआप समजते.

आधी वजनगटाविषयी. पुरुषांच्या ज्युदोत ऑलिंपिकला सात वजनगट असतात: ६०, ६६, ७३, ८१, ९० आणि १०० किलोपर्यंतचे सहा, आणि शेवटचा १०० किलोच्या वरचा. महिलांमध्येही सात, आणि शेवटचा ७८ किलोच्या वरचा. खालच्या सहा गटांतल्या खेळाडूंचं अर्धं आयुष्य वजनकाट्याच्या धाकात जातं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी वजन होतं, त्यासाठी पाणी तोडायचं, घाम गाळायचा, काही किलो उतरवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगात ताकद आणायची. वरच्या गटाला यातलं काही नाही. तिथे वजनाला वरची मर्यादाच नाही, आपण १०० किलोच्या वर आहोत एवढंच दाखवायचं.

त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की इथे जो जास्त जाड तो जिंकणार. हा गैरसमज खोडायला एकच नाव पुरे आहे, चेक प्रजासत्ताकाचा लुकाश क्रपालेक. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याने १०० किलोच्या आतल्या गटात सुवर्ण जिंकलं. मग तो वरच्या गटात गेला, २०१९ मध्ये तिथे जगज्जेता झाला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये या गटाचं सुवर्णही घेऊन गेला. वरच्या गटातल्या बहुतेकांपेक्षा तो हलका होता. पण दमात भारी होता, आणि सामना लांबला की समोरच्या जड माणसाचे पाय मॅटला चिकटायला लागतात. १४० किलोचं शरीर चार मिनिटं सतत हलवत ठेवणं फार कष्टाचं काम आहे. जास्तीच्या प्रत्येक किलोची किंमत फुप्फुसांना आणि गुडघ्यांना मोजावी लागते.

आता गुणांचं थोडक्यात. कुस्तीत जशी चितपट तसा ज्युदोत इप्पोन, म्हणजे त्या क्षणी खेळ खलास. समोरच्याला जोरात, वेगाने आणि आपल्या ताब्यात ठेवून पाठीवर फेकलं की इप्पोन. जमिनीवर २० सेकंद दाबून ठेवलं, किंवा गळा वा हाताचा सांधा आवळून शरण आणलं तरी इप्पोन. फेक झाली पण पाठ पूर्ण टेकली नाही, जोर किंवा वेग कमी पडला, किंवा दाबून ठेवणं १० सेकंदांवर जाऊन २० च्या आत सुटलं, तर वाझा-आरी. दोन वाझा-आरी मिळून एक इप्पोन. त्याखाली युको नावाचा आणखी छोटा गुण होता. तो २०१७ मध्ये काढला आणि २०२५ मध्ये परत आणला. नियम मोडला, टाळाटाळ केली, नुसता बचाव केला तर शिदो, म्हणजे ताकीद. तीन शिदो झाले की खेळाडू बाद. चार मिनिटांत निकाल लागला नाही तर गोल्डन स्कोअर, म्हणजे जो पहिला गुण घेईल तो जिंकला, मग त्याला कितीही वेळ लागो.

कुस्ती बघत मोठ्या झालेल्या आपल्या डोळ्यांना एक फरक लगेच जाणवतो. कुस्तीत अंग उघडं असतं आणि घामाने हात सटकतो. ज्युदोत जाड कापडाचा अंगरखा असतो, जुदोगी, आणि अख्खी लढत त्या कापडाच्या पकडीवर चालते. पकड कोणाची आणि कुठली, याचा निवाडा झाला की फेक ही पुढची पायरी. हेवीवेटमध्ये तर हे दुप्पट खरं आहे, आणि रिनेरची कारकीर्द समजायला त्याच्या उजव्या हातापासूनच सुरुवात करावी लागते. त्याकडे येईनच.

रिनेरचा जन्म ७ एप्रिल १९८९ चा, ग्वाडेलूप या कॅरिबियन बेटांवरचा. ही बेटं फ्रान्सचाच भाग आहेत. वाढला मात्र पॅरिसमध्ये. फ्रान्समध्ये ज्युदो हा गल्लीबोळातला खेळ आहे, शाळकरी पोरं क्लबात जाऊन शिकतात आणि नोंदणीकृत खेळाडूंची संख्या पाच लाखांच्या घरात असते. त्याच्याआधी डाव्हिड दुयेने याच गटात १९९६ आणि २००० अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकून देशाला वेड लावलं होतं. त्या वातावरणात रिनेर वर आला. २००६ मध्ये ज्युनियर जगज्जेता, २००७ च्या एप्रिलमध्ये बेलग्रेडला युरोपीय विजेता, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रिओ दी जानेरोत मोठ्यांचा जगज्जेता. वय फक्त १८. हेवीवेटमध्ये अंग भरायला, ताकद मुरायला साधारण पंचविशी उजाडते. त्या गटात अठराव्या वर्षी जगज्जेता होणं हा प्रकार कोणी पाहिलेला नव्हता.

आणि लगेच पुढच्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो हरला. हरवणारा उझबेकिस्तानचा अब्दुल्लो तांग्रिएव. तरीही रिनेर बीजिंगहून कांस्यपदक घेऊन आला. हरलेल्याला पदक कसं, तर रेपेचेजमुळे. कुस्तीमुळे हा शब्द आपल्या ओळखीचा आहे: सुशील कुमारचं बीजिंगचं कांस्य आणि साक्षी मलिकचं रिओचं कांस्य याच वाटेने आलं. ज्युदोतही हरलेल्यांपैकी काहींना दुसऱ्या दाराने आत यायची मुभा असते. सध्याच्या पद्धतीत ती फक्त उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या चौघांना मिळते. त्यांच्यातले दोन विजेते उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांशी लढतात आणि दोन कांस्यपदकं वाटली जातात. ज्युदोत कांस्य दोन असतात ती यामुळे. हे सगळं एका दिवसात उरकतं. सकाळी स्वप्न मोडलेल्या माणसाला दुपारी पुन्हा अंगरखा बांधून तितक्याच ईर्ष्येने उतरावं लागतं. एकोणीस वर्षांच्या मुलाला ते जमलं, याला मी त्या पदकाच्या रंगापेक्षा जास्त मानतो.

पुढचा पराभव सप्टेंबर २०१० चा, टोकियोतला. जागतिक स्पर्धेत १०० किलोवरचं सुवर्ण रिनेरने आधीच जिंकलं होतं. त्या वर्षी खुला गटही होता, ज्यात कोणत्याही वजनाचा खेळाडू उतरू शकतो. अंतिम फेरीत समोर जपानचा दाइकी कामिकावा. नियमित वेळेत निकाल नाही, गोल्डन स्कोअरमध्ये निकाल नाही. तेव्हा गोल्डन स्कोअरला वेळेची मर्यादा होती आणि ती संपली की मैदानातल्या तीन पंचांनी झेंडा दाखवून विजेता ठरवायचा. दोघांनी कामिकावाच्या बाजूने झेंडा वर केला, एकाने रिनेरच्या. रिनेर संतापला आणि आपण हरलो हे त्याने मनाने कधीच स्वीकारलं नाही. झेंड्यांचा हा निवाडा २०१३ पासून बंद झाला आणि गोल्डन स्कोअर अमर्याद झाला. माझं मत विचाराल तर तो बदल ज्युदोसाठी फार मोलाचा ठरला, कारण आता निकाल खेळाडूंना स्वतःच मॅटवर लावावा लागतो.

त्याच सुमारास आणखी एक नियम बदलत होता, आणि रिनेरच्या पुढच्या दहा वर्षांशी त्याचा संबंध आहे. पूर्वी ज्युदोत समोरच्याचे पाय हाताने पकडून पाडता यायचं. बुटक्या, चपळ खेळाडूचं उंच माणसाविरुद्ध हे हक्काचं हत्यार होतं: खाली वाकायचं, पायात घुसायचं, उचलायचं. २०१० पासून थेट पाय धरण्यावर बंधनं आली आणि २०१३ मध्ये उभ्या लढतीत पट्ट्याखाली हात लावायलाच बंदी झाली. हेतू असा, की वाकून ढकलाढकली करण्यापेक्षा खेळाडूंनी ताठ उभं राहून कापडाची पकड घ्यावी आणि मोठ्या फेकी कराव्यात. सरळ उभं राहून वरून पकड घेणाऱ्या दोन मीटरच्या माणसाला याचा फायदा झालाच असणार. रिनेर नियमांमुळे मोठा झाला असं म्हणणं अन्यायाचं होईल, कारण बंदीच्या आधीच तो तीनदा जगज्जेता झाला होता. पण त्याच्याविरुद्ध चालू शकणारं एक हत्यार या बदलाने बाकीच्यांच्या हातून गेलं, हेही नोंदवायला हवं.

आता तो उजवा हात. रिनेरची लढत बघताना पहिल्या दहा सेकंदांत पायांकडे अजिबात बघू नका, हातांकडे बघा. डाव्या हाताने तो समोरच्याची उजवी बाही कोपराजवळ धरतो आणि खाली ओढून ठेवतो. मग उजवा हात समोरच्याच्या खांद्यावरून मागे जातो आणि मानेच्या खाली, पाठीवरचं कापड मुठीत धरतो. इतक्या लांबून तिथे पोचणारा हात जगात फार थोड्यांचा आहे. एकदा ती मूठ बसली की समोरच्याचं डोकं खाली दबतं, कणा वाकतो, आणि वाकलेल्या माणसाला फेक करता येत नाही. त्याचा सगळा जोर सरळ उभं राहण्यातच खर्च होतो. ज्युदोत या तोल बिघडवण्याला कुझुशी म्हणतात. रिनेर कुझुशी पायांनी सुरू करण्याआधी त्या एका मुठीनेच अर्धी करून ठेवतो.

त्यानंतर येते ओ-सोतो-गारी. समोरच्याच्या उजव्या बाजूने पुढे पाऊल टाकायचं, छातीला छाती भिडवून त्याचं वजन त्याच्या उजव्या टाचेवर न्यायचं, आणि आपला उजवा पाय त्याच्या त्या पायामागून कोयत्यासारखा मागे ओढायचा. वरून उजवा हात मागे ढकलतोय, डावा हात बाही खाली खेचतोय, आणि खालून आधार काढून घेतला. १३० किलोचा माणूस टाचेवर अडकला की त्याला पाय उचलून घेणं जमत नाही, तो सरळ पाठीवर जातो. याच्या जोडीला उची-माता, म्हणजे पाठमोरं वळून आतून मांडी उचलत केलेली फेक. पहिली फेक माणसाला मागे पाडते, दुसरी पुढे. समोरचा मागे पडू नये म्हणून पुढे झुकला की उची-माता तयार, पुढे जाऊ नये म्हणून मागे रेलला की ओ-सोतो-गारी तयार. एकाच पकडीतून दोन्ही दिशांचा धोका असल्याने समोरच्याला दोन्हीकडे सावध राहता येत नाही.

मग समोरच्याने करायचं काय, तर ती मूठ बसूच द्यायची नाही. रिनेरविरुद्धच्या कितीतरी लढती म्हणूनच बघायला कंटाळवाण्या झाल्या: हात झटकणं, मागे सरकणं, कडेला जाणं. पण पकड टाळणं हाच ज्युदोत गुन्हा आहे, त्याला शिदो मिळतो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची अंतिम लढत याचं ठळक उदाहरण. रिनेर आणि जपानचा हिसायोशी हारासावा, दोघांपैकी कोणीही फेकीचा गुण घेतला नाही. हारासावाला शिदो जास्त, म्हणून सुवर्ण रिनेरला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. नियमाने निकाल बरोबर होता, पण ऑलिंपिकचं सर्वांत वजनदार सुवर्ण एकाही फेकीशिवाय जावं ही गोष्ट ज्युदोवर प्रेम करणाऱ्यांना डाचली. मलाही डाचली. पुढच्या एक-दोन वर्षांत नियम बदलले. पुरुषांची लढत पाच मिनिटांवरून चार मिनिटांवर आली आणि नियमित वेळेत नुसत्या शिदोच्या फरकावर जिंकण्याची सोय संपली.

१५४ विजयांची मालिका कशी बांधली गेली, याची दुसरी बाजू वेळापत्रकात आहे. साडेनऊ वर्षांत १५४ म्हणजे वर्षाला सरासरी सोळा लढती. मोठ्या स्पर्धेत विजेत्याला पाच-सहा लढती खेळाव्या लागतात, म्हणजे हिशेब वर्षाला जेमतेम तीन स्पर्धांचा येतो. त्याचे बरेच प्रतिस्पर्धी त्याहून पुष्कळ जास्त खेळत होते. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये माराकेशला खुल्या गटाचं जागतिक सुवर्ण जिंकल्यावर तर तो दीड वर्षाहून जास्त काळ स्पर्धेत उतरलाच नाही. २०१८ ची जागतिक स्पर्धा सोडली, परतला तो जुलै २०१९ मध्ये माँट्रियलला, आणि त्यानंतरची २०१९ ची जागतिक स्पर्धाही सोडली. कमी खेळून विक्रम राखला अशी टीका त्याच्यावर झाली. मला ती अर्धीच पटते. एवढ्या शरीराचे गुडघे, खांदे, कोपरं दर महिन्याला विमानाने नेऊन मॅटवर आपटत राहिलं असतं तर तो तिशीच्या आतच संपला असता. पण या निवडीची किंमतही होती, आणि ती टोकियोत चुकवावी लागली. ती पुढे येते.

या मालिकेची तुलना नेहमी यासुहिरो यामाशिताशी होते. १९७७ ते १९८५ या काळात हा जपानी हेवीवेट २०३ लढतींत अपराजित होता, त्यातल्या सात बरोबरीत सुटल्या. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर जपानने बहिष्कार टाकल्याने त्याची एक संधी गेली. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये पोटरीचा स्नायू फाटलेला असताना त्याने खुल्या गटाचं सुवर्ण जिंकलं, अंतिम फेरीत इजिप्तच्या मोहम्मद रशवानला हरवून. आणि पुढच्या वर्षी हरायच्या आत तो निवृत्त झाला. रिनेरने तसं केलं नाही. तो हरेपर्यंत खेळला आणि हरल्यावरही खेळला, आणि मला त्याची कारकीर्द जास्त जवळची वाटते ती यामुळे.

कागेउराच्या त्या विजयानंतर जे घडलं ते बाहेरच्या माणसाला चक्रावून टाकणारं आहे. रिनेरला हरवणारा माणूस काही महिन्यांवर आलेल्या टोकियो ऑलिंपिकला जपानचा हुकमी खेळाडू ठरेल असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्याच महिन्याच्या अखेरीला जपानने या गटासाठी हारासावाची निवड केली. कारण ऑलिंपिकमध्ये एका देशाला एका वजनगटात एकच खेळाडू पाठवता येतो. जागतिक स्पर्धेत दोन चालतात, ऑलिंपिकला नाही. त्यामुळे जपान किंवा फ्रान्ससारख्या देशात खरी जीवघेणी लढत आपल्याच सहकाऱ्याशी असते, आणि एका निकालावर निवड होत नाही, काही वर्षांची कामगिरी पाहिली जाते. कोविडमुळे ऑलिंपिक वर्षभर पुढे ढकललं गेलं, निवड मात्र कायम राहिली. जून २०२१ मध्ये बुडापेस्टला कागेउरा जगज्जेता झाला आणि पुढच्याच महिन्यात त्याच्या देशात भरलेल्या ऑलिंपिकला तो खेळाडू म्हणून नव्हता.

त्या ऑलिंपिकमध्ये रिनेरला तिसरं सलग वैयक्तिक सुवर्ण हवं होतं. उपांत्यपूर्व फेरीतच त्याची गाठ पडली जागतिक क्रमवारीत अव्वल असलेल्या रशियाच्या तामेरलान बशाएवशी, आणि गोल्डन स्कोअरमध्ये बशाएवने वाझा-आरी घेतला. दोन बलाढ्य माणसं इतक्या लवकर समोरासमोर का आली, याचं उत्तर क्रमवारीत आहे. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाची गुणपद्धत अशी: ग्रँड प्री जिंकली तर ७०० गुण, ग्रँड स्लॅमला १०००, मास्टर्सला १८००, जागतिक स्पर्धेला २०००, ऑलिंपिकला २२००. बारा महिन्यांनी हे गुण निम्मे होतात, चोवीस महिन्यांनी शून्य. मोठ्या स्पर्धेत पहिल्या आठांना मानांकन मिळतं आणि त्यांना ड्रॉमध्ये एकमेकांपासून दूर ठेवतात. सतत खेळणाऱ्याचे गुण भरत राहतात, निवडक खेळणाऱ्याचे गळत राहतात. दहा वेळा जगज्जेता असलात तरी क्रमवारीला त्याची आठवण नसते. रिनेर कमी खेळला, क्रमवारीत खाली घसरला आणि वाट अवघड झाली. त्या दिवशी त्याने पुन्हा रेपेचेजची वाट धरली, ब्राझीलच्या राफाएल सिल्व्हाला हरवलं आणि कांस्यपदकाच्या लढतीत हारासावाला. दुसऱ्याच दिवशी मिश्र सांघिक स्पर्धेत फ्रान्सने जपानला जपानमध्येच ४-१ ने हरवलं तेव्हा तो त्या संघात होता.

२०२३ च्या दोहा जागतिक स्पर्धेबद्दल थोडंच सांगतो, पण ते सांगायलाच हवं. अंतिम लढतीत रिनेरचा एक हल्ला रशियाच्या इनाल तासोएवने उलटवला. व्हिडिओची सोय असूनही पंचांनी त्याला गुण दिला नाही, लढत पुढे चालली आणि रिनेर जिंकला. ते त्याचं अकरावं जागतिक वैयक्तिक सुवर्ण. नंतर महासंघाने तो प्रसंग पुन्हा तपासला, गुण द्यायला हवा होता हे मान्य केलं आणि तासोएवलाही सुवर्णपदक दिलं. एकाच गटात एकाच वर्षाचे दोन जगज्जेते. उलटवलेल्या हल्ल्यात कोणाची पाठ कोणाच्या ताब्यात टेकली, हे क्षणभरात ओळखणं हेवीवेटमध्ये फार कठीण असतं, कारण दोन्ही शरीरं एकत्रच कोसळतात. रिनेरच्या पदकांचा हिशेब मांडताना हे एक सुवर्ण वाटून घेतलेलं आहे, हे कोणी विसरू नये.

मग २०२४ चं पॅरिस. उद्घाटनाला धावपटू मारी-जोसे पेरेकबरोबर ऑलिंपिकची ज्योत त्यानेच पेटवली. २ ऑगस्टला आयफेल टॉवरजवळच्या शाँ-द-मार्स सभागृहात तो उतरला तेव्हा वय ३५ होतं. अंतिम फेरीत समोर होता त्याच वर्षीचा जगज्जेता, दक्षिण कोरियाचा किम मिन-जाँग. इप्पोन झाला आणि वैयक्तिक सुवर्णांची संख्या तीनवर गेली.

त्याच दिवशी, त्याच सभागृहात भारताचीही एक हेवीवेट खेळाडू होती. दिल्लीची तुलिका मान, २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतली रौप्यविजेती, पॅरिसला गेलेली भारताची एकमेव ज्युदोपटू. ७८ किलोवरच्या गटात पहिल्याच फेरीत तिच्यासमोर आली क्यूबाची इदालिस ऑर्टिझ. २००८ ते २०२१ या चार ऑलिंपिकमध्ये तिने एक सुवर्ण, दोन रौप्य आणि एक कांस्य जिंकलेलं. २८ सेकंदांत इप्पोन. आपल्याकडे त्या २८ सेकंदांवरून बरंच बोललं गेलं. पण वर सांगितलेलं सगळं जोडून बघा: क्रमवारीत वर नसलेल्या खेळाडूला मानांकन नाही, मानांकन नाही म्हणून पहिल्याच फेरीत दिग्गज समोर, आणि पहिल्या फेरीत हरलेल्याला रेपेचेज नाही. रिनेरला बीजिंग आणि टोकियोत जे दुसरं दार उघडलं, ते तुलिकासाठी असतच नाही. क्रमवारी वाढवायची तर वर्षभर देशोदेशीच्या ग्रँड प्री आणि ग्रँड स्लॅम खेळाव्या लागतात, तोडीच्या वजनाच्या जोडीदारांबरोबर रोज सराव लागतो, आणि १०० किलोच्या आसपासच्या महिला जोडीदार भारतात शोधाव्या लागतात. तिच्या पराभवाची चर्चा इथून सुरू व्हायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी मिश्र सांघिक अंतिम फेरी, पुन्हा फ्रान्स आणि जपान. या प्रकारात तीन पुरुष, तीन महिला, एकूण सहा लढती असतात आणि चार जिंकेल तो विजेता. पुरुषांचा वरचा गट इथे ९० किलोपासून सुरू होतो. रिनेरने आपल्या लढतीत तात्सुरू साइतोला हरवलं. हा साइतो म्हणजे १९८४ आणि १९८८ च्या हेवीवेट सुवर्णविजेत्या हितोशी साइतोचा मुलगा. तरीही जपान ३-१ ने पुढे होता. मग जोआं-बेंजामिन गाबाने हिफुमी आबेला हरवलं, क्लारिस आग्बेन्येनूने आपली लढत जिंकली आणि ३-३. अशा वेळी सहापैकी एक वजनगट चिठ्ठीने निघतो आणि तेच दोघे पुन्हा लढतात, थेट गोल्डन स्कोअर. पडद्यावर चक्र फिरलं आणि थांबलं ते ९० किलोवरच्या पुरुष गटावर. जपानी गोटातून आक्षेपाचे सूर निघाले, पण चक्र सर्वांसमोरच फिरलं होतं. रिनेर आणि साइतो पुन्हा समोरासमोर. वयात बारा-तेरा वर्षांचं अंतर, दोघेही आदल्या दिवशी पूर्ण स्पर्धा खेळलेले. सहा मिनिटांच्या वर झगडून रिनेरने साइतोला फेकलं आणि फ्रान्स ४-३.

आता तो २०२८ च्या लॉस एंजेलिसची भाषा बोलतो आहे. तेव्हा तो ३९ वर्षांचा असेल. नियम मात्र त्यालाही तेच. पॅरिसच्या सुवर्णाचे २२०० गुण ऑगस्ट २०२५ मध्ये निम्मे झाले आणि पॅरिसला दोन वर्षं भरली की त्यांची किंमत शून्य. पॅरिससाठी प्रत्येक गटात क्रमवारीतल्या पहिल्या १७ जणांना, देशामागे एक या हिशेबाने, थेट प्रवेश होता. त्या यादीत पुन्हा शिरायचं तर त्याला पुन्हा ग्रँड स्लॅमच्या पहिल्या फेऱ्यांत उतरावं लागेल. तिथे समोर असेल विशी-बाविशीचा कोणी कोरियन, जॉर्जियन किंवा जपानी मुलगा, ज्याने शाळेत असल्यापासून त्या उजव्या मुठीचे व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिलेले असतील.